डाग विरत नाही? मग या चुका टाळा

कोऱ्या कागदाच्या मधोमध पेनाचा बारीक ठिपका द्या. त्यापासून चार बोटांवर गुलालाचा फिकट डाग चोळा आणि हातभर अंतरावरून ठिपक्याकडे टक लावून बघा. दहा-वीस सेकंदांत डाग कागदात विरून गेल्यासारखा दिसेनासा होतो. इग्नाझ ट्रॉक्सलर या स्विस डॉक्टरने १८०४ मध्ये हे नोंदवलं, म्हणून याला ‘ट्रॉक्सलर परिणाम’ असं त्याचंच नाव पडलं. तरीही पहिल्या खेपेला बऱ्याच जणांचं काहीच विरत नाही.

बहुतेकदा चूक कडांची असते. मी आधी स्केचपेनने गोल काढून रंगवला होता. तो जागचा हलेना. मग गुलाल घेतला आणि कडा बोटाने पुसत नेल्या. रंग कुठे संपतो ते सांगता येईना, तेव्हा जमलं. डोळ्यातल्या पेशी बदल टिपतात. तेच ते समोर राहिलं की त्यांचा प्रतिसाद मंदावतो. आपण कितीही टक लावली तरी बुबुळं बारीक थरथरतच असतात. ठळक कडेला तेवढी थरथर नवा बदल म्हणून पुरते, पुसट कडेला पुरत नाही.

दुसरी चूक म्हणजे डागाकडेच बघणं. नजरेचा मध्य बारकावे सोडत नाही. विरतं ते नजरेच्या कडेचं. डाग गेला की तो पाहायचा मोह होतोच, आणि नजर हलली की डाग हजर! पापणी लवली तरी परत येतो, पण म्हणून पाणी येईपर्यंत डोळे ताणू नका.

त्राटक करणाऱ्यांनाही हेच दिसतं. ती सिद्धी नव्हे, आणि नजर अधू झाल्याचं लक्षणही नव्हे. मात्र एरवी बघताना नजरेचा एखादा भाग गायब होत असेल, तर प्रयोग बाजूला ठेवून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

एवढं करूनही पटत नसेल, तर पुठ्ठ्याला सुईने भोक पाडा. ते डोळ्याजवळ धरून उजळ आकाशाकडे बघा (सूर्याकडे अजिबात नाही) आणि पुठ्ठा जागच्या जागी हलका गोल फिरवा. झाडाच्या बारीक फांद्यांसारखं जाळं दिसेल. त्या तुमच्याच डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांच्या सावल्या. एरवी या सावल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर जागच्या हलत नाहीत, म्हणून जन्मभर दिसत नाहीत. हात थांबवा, जाळं क्षणात नाहीसं होईल.