सिंफनी ऐकायला मुंबईला जाताय?

मडगावहून कोकणकन्येने सिंफनी, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं संगीत, ऐकायला मुंबई गाठणार असाल, तर आधी मैफलीचं तिकीट बघा, मग गाडीचं. 2006 साली स्थापन झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचं घर म्हणजे नरिमन पॉइंटचं एनसीपीए, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स हे कलाकेंद्र. तिथल्या सभासदांना तिकिटात सवलत मिळते. ओळखीत कोणी असेल तर आधी त्यांनाच विचारा. मुलं शिकत असतील तर कॉलेजचं ओळखपत्र सोबत असू द्या, विद्यार्थ्यांची सवलत आहे का ते विचारून घ्या. महागड्या पुढच्या रांगेचा हट्ट नको. वर, मागे बसलं की व्हायोलिनपासून टिंपनीपर्यंत (मोठे नगाऱ्यासारखे ढोल) सगळा मेळ एकजीव ऐकू येतो. पियानो असेल तेव्हा मात्र डावीकडची खुर्चीच घ्या, वादकाची बोटं तिथूनच दिसतात.