फ्लाय फिशिंग शिकवायचं तर आधी मैदान, मग खाडी

साध्या गरीने गरवताना आपण शिसं फेकतो आणि दोरी त्याच्यामागे जाते. फ्लाय फिशिंगमध्ये उलटं असतं. वजन दोरीत असतं आणि केसा-पिसांचा हलका गळ, म्हणजे फ्लाय, तिच्यामागे ओढला जातो. ठाण्या-नवी मुंबईत शिकायला येणाऱ्या अनेकांनी लहानपणी गळ टाकलेला असतो, त्यामुळे त्यांच्या हाताला शिसं भिरकावायची सवय असते. ती सवय पाण्यावर मोडत नाही, कारण समोर मासा हलला की हात आपोआप जोर लावतो. म्हणून पहिले दोन वर्ग गवतावर घ्या, गळाशिवाय.

मैदान असं निवडा की पुढे-मागे पंधरा-पंधरा मीटर मोकळं मिळेल. गवत हवंच. डांबर किंवा काँक्रीटवर दोरीचं आवरण एका सकाळीत खरवडून निघतं. वेळ सकाळी साडेसहा ते नऊ. हिवाळ्यात त्यानंतर हळूहळू खारा वारा सुटतो आणि नवख्याला आपली चूक कुठली, वाऱ्याची करणी कुठली, हे कळेनासं होतं. डोक्यावरून विजेची तार जात नाही ना, हे स्वतः मान वर करून पाहा. रॉड कार्बनचा असतो आणि कार्बनमधून वीज वाहते. पावसाळ्यात ढग गडगडले की वर्ग तिथेच थांबवायचा.

एका शिक्षकामागे चार विद्यार्थी पुरे. प्रत्येकाला नऊ फुटी, सहा नंबरचा रॉड आणि त्याच नंबरची तरंगणारी दोरी द्या. दोरी भडक नारंगी असेल तर हवेतला लूप, म्हणजे दोरीला पडणारा वळसा, सगळ्यांना दिसतो. सहा नंबर म्हणजे दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १६० ग्रेन, सुमारे १०.४ ग्रॅम. हा आकडा सांगितला की आपण नेमकं काय फेकतोय ते डोक्यात बसतं. पुढे नऊ फुटी लीडर, म्हणजे दोरी आणि फ्लाय यांना जोडणारा बारीक तंतू, आणि टोकाला गळाऐवजी तीन सेंटिमीटर लोकर. चष्मा आणि टोपी सगळ्यांना, बाजूला उभं राहून बघणाऱ्यालाही.

पहिली कास्ट, म्हणजे फेक, एकच शिकवा: दोरी उचलायची, मागे न्यायची, पुढे ठेवायची. वीस फूट दोरी समोर सरळ पसरा, अंगठा मुठीच्या वरच्या बाजूला, रॉडचं टोक गवताला टेकलेलं. टोक कमरेएवढ्या उंचीवर धरून सुरुवात केली तर उचलीचा पहिला भाग दोरीतला झोल काढण्यातच जातो आणि रॉड वाकतच नाही. हळू उचला, वेग वाढवत न्या आणि खांद्यामागे ठाम थांबवा. मागे दोरी सरळ होईपर्यंत थांबायचं, मग तसंच पुढे. वेग वाढवून थांबवणं म्हणजे काय, हे सांगायला आपल्याकडे उत्तम उदाहरण आहे: मिटलेली ओली छत्री दाराबाहेर झटकणं. पाणी उडतं ते हात थांबतो त्या क्षणी. दोरीही तशीच थांब्यावर सुटते.

आता चुका. शिक्षकाची खरी कसोटी इथे लागते, कारण चूक दिसते दोरीत आणि असते हातात.

मागे दोरी गवतावर आपटत असेल तर मनगट मागे वाकतंय. रॉडचा बुंधा शर्टाच्या बाहीत खोचा किंवा रुंद रबरबँडने हाताला बांधा. मनगट वाकलं की लगेच जाणवतं. चाबकासारखा फट्‌ आवाज आला तर पुढची फेक लवकर झाली, आणि खाडीवर त्याच आवाजासरशी फ्लाय तुटून जाते. अशा वेळी मान वळवून मागची दोरी बघायला सांगा. किती थांबायचं याचे आकडे मोजायला लावू नका, कारण दोरी जितकी लांब तितका थांबा लांब.

सगळ्यात चिवट चूक म्हणजे लूपचं वरचं अंग खालच्या अंगाला आडवं जाणं. लीडरमध्ये गाठी पडतात आणि विद्यार्थी वाऱ्याला दोष देतो. कारण बहुधा सुरुवातीलाच दिलेला झटका असतो. रॉड एकदम जास्त वाकतो, टोक खाली जातं आणि दोरीची वाट सरळ राहत नाही. दुसरं कारण असं की मागची दोरी सरळ होत असतानाच हात नकळत पुढे सरकतो आणि फेकीला जागा उरत नाही. दोन्हींवर एकच व्यायाम चालतो: रॉड आडवा धरून गवतालगत डावीकडून उजवीकडे कास्ट, प्रत्येक वेळी दोरी जमिनीवर पडू द्यायची आणि तिचा आकार बघायचा. विद्यार्थ्याला स्वतःची चूक गवतावर आखलेली दिसते. डबल हॉल, म्हणजे मागे-पुढे दोन्ही फेकींत दुसऱ्या हाताने दोरी खेचून वेग वाढवणं, हेसुद्धा याच पद्धतीने शिकवा, पण दुसऱ्या वर्गात.

एका वेळी एकच दुरुस्ती सांगा. समोर साठीचे काका असोत की कॉलेजची मुलगी, तीन सूचना एकत्र दिल्या की हात आखडतो. वीस मिनिटांनी विश्रांती घ्या. मग जुने सायकलचे टायर आठ, दहा आणि बारा मीटरवर ठेवून नेम धरायला लावा.

आता खाडी. ठाणे खाडीचा बराच भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला. गाइड म्हणून तिथे कुणालाही रॉड घेऊन नेऊ नका. अभयारण्याबाहेर जायचं तर आधी त्या गावच्या कोळीवाड्यात जाऊन नाखवांना विचारा, त्यांचीच होडी दिवसाच्या भाड्याने घ्या आणि डोलीच्या, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळ्यांच्या, खुंटांपासून लांब राहा. चिखलात उतरायचं नाही. पाय गुडघ्यापर्यंत रुतला की भरती वाट बघत नाही. पहिल्या मोहिमेला खाजगी तळं जास्त बरं. रायगडात जिताड्याची तळी आहेत, मालकाशी बोलून ठरवता येतं.

तिथी बघून दिवस ठरवा. उधाणाला पाणी इतकं गढूळ असतं की माशाला फ्लाय दिसत नाही. भांगाला, म्हणजे अष्टमी-नवमीच्या सुमाराला, पाणी त्या मानाने निवळ असतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात. म्हणजे सुकतीचे (ओहोटीचे) पहिले दोन तास नेमके बिनवाऱ्याच्या सकाळी येतात. खाडीच्या आतल्या टोकाला भरती थोडी उशिरा पोचते, तेवढं धरून चाला. कांदळवनातून पाणी उतरताना कोळंबी आणि बोईची पिल्लं बाहेर पडतात आणि जिताडा ओहोळाच्या तोंडाशी टपून राहतो. फ्लाय तिथे टाका.

इथे रॉड आठ नंबरचा. दोरी उष्ण हवेसाठी बनवलेलीच घ्या. थंड पाण्याची दोरी आपल्या उन्हात मऊ पडते आणि रॉडच्या कड्यांना चिकटते. फ्लाय म्हणून बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात बांधलेली क्लाउझर मिनो पुरते, पोपटी-पांढरी. घरी बांधताना बोकडाचे केस आणि थोडी चमकी चालते. लीडरच्या टोकाला ४० पौंडी जाड तुकडा हवा, कारण जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाला पात्यासारखी धार असते. मासा लागला की रॉड वर उचलायचा नाही. डाव्या हाताने दोरी सरळ खेचायची. गळाच्या टोकाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाका. शिंगाळा लागला तर त्याच्या काट्यांना हात लावू नका. काटा टोचलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा आणि डॉक्टरकडे न्या. परतल्यावर रीळ आणि रॉड गोड्या पाण्याने धुवा.

ट्राउटसाठी विद्यार्थ्यांना हिमाचलला न्यायचं असेल तर मत्स्य विभागाचा परवाना लागतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद असते. मार्चनंतरच्या तारखा धरा.

भाषणाचं बोलावणं सोसायटीच्या हॉलमधून किंवा वाचनालयातून येतं. वर पंखे असतात, म्हणून रॉड फिरवून दाखवू नका. मीटरभर काठीला जाड लोकर बांधली की लूप तितकाच स्पष्ट दिसतो. चाळीस मिनिटं बोला, वीस प्रश्नांना ठेवा. मोठ्या माशांच्या फोटोंनी सुरुवात करू नका, समोरच्यांना ओळखीची असलेली खाडी आधी दाखवा. ‘पकडलेला जिताडा सोडता कशाला?’ हा प्रश्न येणारच. उत्तर तयार ठेवा: जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, त्यामुळे मोठा मासा बहुतेक वेळा अंडी घालणारी मादी असते. मग ओल्या हातांनी, पाण्याबाहेर न काढता मासा कसा सोडायचा याचा छोटा व्हिडिओ दाखवा आणि लोकरीची काठी पहिल्या रांगेतल्या मुलाच्या हातात द्या.