कर्नल बिल्ड कराच्या आधी फोन लावून ठेवजा

जुन्या लॅपटॉपवर लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) स्वतः बिल्ड करत असाल तं डिस्ट्रोची (उबंटू-फेडोरासारख्या तयार लिनक्सची) पूर्ण कॉन्फिग, म्हंजे काय काय बनवायचं त्याची यादी, घेऊ नका, हजारो मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे भाग) कंपाइल होत बसतात आन आपल्या खेड्यात तेवढ्या वेळात लाइट दोनदा जाते. त्यापेक्षा मेक लोकलमॉडकॉन्फिग चालवा, ही सोय कर्नल २.६.३२ पासून आहे, त्या घडीला जे मॉड्यूल लोड आहेत तेवढेच ठेवते, बाकीचे मॉड्यूल बंद.

पण गोम इथंच आहे भाऊ. मी वावरातून आलो, फोन चार्जिंगले तिकडं लावला आन इकडं कमांड मारली. नवीन कर्नल मस्त बूट झाला पण यूएसबी टेदरिंगच (केबलनं फोनचं नेट लॅपटॉपवर घेणं) चालेना, कारण त्यासाठी लागणारा आरएनडीआयएस होस्टचा मॉड्यूल तेव्हा लोडच नव्हता. आता नेट नाही तं शोधाव कुठं? नशीब जुना कर्नल ग्रबमधे (लॅपटॉप चालू होताना कर्नल निवडायचा मेनू) होता, तो कधीच काढू नका.

म्हणून आधी फोन, पेनड्राइव्ह, प्रिंटर सगळं एकदा लावून घ्या, टेदरिंग चालू करा, मंग कमांड. तरी काही सुटलंच तं मेनूकॉन्फिगमधे (मेक मेनूकॉन्फिगनं उघडते तो ऑप्शनचा मेनू) स्लॅश दाबून नाव शोधा, यूएसबी_नेट_आरएनडीआयएस_होस्ट असं, आन त्यावर एम (मॉड्यूल म्हणून बनव) दाबा. एखादा ऑप्शन बंदच होत नसंल तं डोकं नका फोडू, त्याच शोधात सिलेक्टेड बाय पाहा, दुसऱ्या कोन्यातरी ऑप्शननं त्याले धरून ठेवलं असते, आधी तो बंद करा लागते. डॉट कॉन्फिगची (निवडलेले ऑप्शन ज्यात राहतात ती फाइल) कॉपी मात्र पेनड्राइव्हवर टाकून ठेवजा.