एनएफएल ड्राफ्टमधला नंबर कसा वाचायचा, टीम खरंच सुधारणार का हे कसं ओळखायचं

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग. तिथे टीमचा सीझन वाया गेला की फॅन लोक एकमेकांना धीर देतात, जाऊ दे रे, निदान नवे खेळाडू निवडायच्या ड्राफ्टमध्ये वरचा नंबर तरी लागेल. लागतो, खरंय. पण पुढच्या पाच-सात वर्षांत टीमचं काय होणार हे नुसत्या त्या नंबरावरून कळत नाही, सोबत अजून तीन-चार गोष्टी बघाव्या लागतात, आणि त्या कुणालाही बघता येतात.

आधी नियम थोडक्यात, कारण आपल्याला सवय आयपीएलची, तिथे लिलाव असतो, ज्याच्या खिशात पैसे तो बोली लावतो. एनएफएलमध्ये कॉलेजमधून येणाऱ्या पोरांचा लिलाव होत नाही, टीमचे नंबर लागतात आणि त्या क्रमाने प्रत्येक टीम खेळाडू निवडते. ३२ टीम, ७ राउंड, गेल्या सीझनला सगळ्यात खराब रेकॉर्ड असलेली टीम पहिली आणि सुपर बोल, म्हणजे फायनल, जिंकलेली शेवटची. पण हे पिक (खेळाडू निवडायची पाळी) टीम एकमेकांना देऊ-घेऊ शकतात, आणि खरा खेळ तिथेच सुरू होतो.

म्हणून पहिलं काम, आपल्या टीमचा पिक आपल्याच टीमकडे आहे का ते बघा. २०२३ ला कॅरोलायना पँथर्सने ब्राइस यंग हा क्वार्टरबॅक (बॉल फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) घ्यायला शिकागो बेअर्सकडून पहिला नंबर घेतला, त्याबदल्यात स्वतःचा ९ वा आणि ६१ वा पिक दिला, डीजे मूर हा चांगला चालणारा रिसीव्हर (फेकलेला बॉल पकडणारा) दिला, शिवाय २०२४ चा पहिल्या राउंडचा आणि २०२५ चा दुसऱ्या राउंडचा पिक दिला. मग पँथर्स त्या सीझनला फक्त २ मॅच जिंकले आणि १५ हरले, म्हणजे २०२४ चा पहिला नंबर त्यांचाच होता, पण तो आधीच बेअर्सच्या खिशात गेलेला, आणि बेअर्सने त्यावर केलेब विल्यम्सला उचललं. हरण्याचा सगळा त्रास एकाने काढला आणि फळ दुसऱ्याला मिळालं. हे बघितल्यावर माझं ठाम मत झालंय की स्वतः कमकुवत असलेल्या टीमने पुढच्या वर्षाचा पहिला पिक कधीच देऊ नये, कधीच नाही.

दुसरं, नंबराची किंमत समजून घ्या. नव्वदीच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजचे कोच जिमी जॉन्सन यांच्या काळात एक तक्ता बनला, त्यात पहिल्या नंबरला ३००० पॉइंट, १६ व्याला १००० आणि ३२ व्याला ५९०. बरीच वर्षं सगळी लीग साधारण याच हिशोबाने सौदे करत होती. पण केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (हेच ते २०१७ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले) या संशोधकांनी आकडेवारी तपासून दाखवलं की टीम वरच्या नंबरला गरजेपेक्षा फार जास्त किंमत देतात. त्यांचा एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही, एकाच पोझिशनचे लागोपाठ निवडलेले दोन खेळाडू घेतले तर आधी निवडलेला जास्त चांगला निघण्याची शक्यता जेमतेम ५२ टक्के. म्हणजे जवळपास नाणेफेकच! म्हणून वर चढण्यासाठी तीन-तीन पिक उधळणाऱ्या टीमपेक्षा खाली सरकून जास्त पिक जमवणारी टीम दिसली की मी खुश होतो, जितके जास्त पिक तितके जास्त चान्स.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काँट्रॅक्ट. २०१० ला पहिल्या नंबरवर आलेल्या सॅम ब्रॅडफर्डला एकही मॅच न खेळता ५० मिलियन डॉलरची हमी मिळाली होती, २०११ ला नियम बदलले आणि नव्या खेळाडूंचे पगार नंबरानुसार बांधले गेले, त्यामुळे कॅम न्यूटन पहिलाच नंबर असून ४ वर्षांसाठी साधारण २२ मिलियनमध्ये आला. आता चांगला क्वार्टरबॅक ड्राफ्टमधून मिळाला की चार वर्षं तो स्वस्तात असतो आणि सॅलरी कॅपमधले (टीमच्या एकूण पगाराची ठरलेली मर्यादा) उरलेले पैसे बाकी टीमवर लावता येतात. सिअ‍ॅटल सीहॉक्सने २०१२ ला रसेल विल्सनला तिसऱ्या राउंडला ७५ व्या नंबरवर घेतलं आणि तो स्वस्तात असतानाच २०१३ च्या सीझनचा सुपर बोल जिंकून टाकला. त्यामुळे क्वार्टरबॅक कितव्या नंबरवर आला याच्याइतकंच त्याच्या स्वस्त काँट्रॅक्टची किती वर्षं उरलीत आणि त्या काळात टीम क्वार्टरबॅकला वाचवणारी लाइन आणि डिफेन्स भक्कम करतेय का, हे बघा.

नुसत्या नंबरावर काही ठरत नाही, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स. २०२१ ला तिसऱ्या नंबरवर जायला त्यांनी १२ वा पिक आणि पुढच्या दोन वर्षांचे पहिल्या राउंडचे पिक दिले, वर तिसऱ्या राउंडचाही एक, आणि घेतला क्वार्टरबॅक ट्रे लान्स. तो त्यांच्यासाठी फक्त ४ मॅचमध्ये सुरुवातीपासून खेळला, २०२३ ला त्याला चौथ्या राउंडच्या पिकवर डॅलसला देऊन टाकलं. मग टीम बुडाली का? नाही, कारण २०२२ च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२ वा खेळाडू, क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी त्यांच्याकडे होता, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तोच त्यांना सुपर बोलपर्यंत घेऊन गेला.

याचा अर्थ वरचा नंबर फुकट असा नाही, सिनसिनाटी बेंगल्सने २०२० ला पहिल्या नंबरवर जो बरो आणि २०२१ ला पाचव्यावर जमार चेस घेतला आणि त्याच सीझनला सुपर बोल गाठला. पण क्लीव्हलँड ब्राउन्सकडे २०१७ आणि २०१८ असा लागोपाठ पहिला नंबर होता, त्यातला २०१७ चा माइल्स गॅरेट जबरदस्त निघाला, तरी टीमचं गाडं काही रुळावर आलं नाही, कारण क्वार्टरबॅक बदलतच राहिले.

ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी टीमच्या निवडींना जे ए, बी, सी ग्रेड वाटले जातात ते सोडून द्या. पहिल्या राउंडच्या खेळाडूचं तिसरं सीझन संपलं की मे महिन्याच्या सुरुवातीला टीमला त्याच्या पाचव्या वर्षाचं ऑप्शन (म्हणजे काँट्रॅक्ट अजून एक वर्ष वाढवणं) घ्यायचं की नाही ते ठरवावं लागतं, ती बातमी शोधून वाचा. बेअर्सने २०१७ ला दुसऱ्या नंबरवर घेतलेल्या मिच ट्रुबिस्कीचं ऑप्शन २०२० मध्ये घेतलंच नाही, आणि त्याच ड्राफ्टमध्ये १० व्या नंबरवर कॅन्सस सिटी चीफ्सने घेतलेला पॅट्रिक महोम्स तोवर एक सुपर बोल जिंकून बसला होता.