मंगळाच्या उत्तर ध्रुवावरचे थर मोजताना या चुका टाळा

मंगळाच्या उत्तर ध्रुवावर बर्फ आणि धुळीचा सुमारे २ किलोमीटर जाडीचा साठा आहे. त्यातल्या सर्पिल दऱ्यांच्या उतारांवर थर उघडे पडलेत. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकनेसन्स ऑर्बिटर यानावरच्या हायराइज कॅमेऱ्याच्या प्रतिमांत (पिक्सेलला २५ ते ३० सेंमी) ते पट्ट्यांसारखे दिसतात. उजळ पट्टा म्हणजे स्वच्छ बर्फ आणि काळपट म्हणजे धूळ, असं धरून मोजणी सुरू केली की पुढचं सगळं चुकतं.

उजळपणा बदलायला उताराचं तोंड सूर्याकडे असणं पुरतं. कंगोऱ्यांना चिकटलेला तुषार, म्हणजे गोठलेलं दंवही, फसवतो. शिवाय उतारावर साचलेली धूळ आतल्या थराचा खरा रंग झाकून टाकते. त्यामुळे त्याच दरीत थोडं पुढे गेलं की तोच थर वेगळा दिसतो. थर ओळखावा तो आकारावरून: पुढे आलेला टणक कंगोरा, पृष्ठभागाचा ओबडधोबडपणा, वरखालच्या थरांचा क्रम.

प्रतिमा उन्हाळ्यातलीच घ्या, म्हणजे सौर रेखांश (मंगळ सूर्याभोवतीच्या कक्षेत कुठे आहे, म्हणजे ऋतू कोणता, हे सांगणारा कोन) ९०° च्या पुढची. त्याआधी कार्बन डायऑक्साइडचा हंगामी बर्फ थर झाकतो. उंची काढण्यासाठी एकाच जागेच्या वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या (स्टिरिओ जोडीतल्या) दोन प्रतिमांमध्ये फार दिवस गेले तर तुषार आणि सावल्या बदलतात, जुळणी फसते आणि उंचीच्या नकाशात खोटे खड्डे-उंचवटे उमटतात.

पट्ट्याची रुंदी म्हणजे थराची जाडी नव्हे. ६° उतारावर १० मीटर आडव्या अंतरात दिसणारा सपाट थर जेमतेम १.०५ मीटर जाड असतो (रुंदी गुणिले उताराचा टॅन). उतार चुकून ५° धरला तर तोच ०.८७ मीटर भरतो. म्हणून सरासरी उतार वापरू नका, जागेवरची उंची वापरा.

थराचा कल (तिरपेपणा) विचित्र येत असेल तर तो ज्या बिंदूंवरून काढला ते बिंदू तपासा. ते जवळपास एका रेषेत असले तर त्यांतून कितीही वेगवेगळी प्रतलं जातात. दरी जिथे वळते तिथले बिंदू घ्या, कल ताळ्यावर येतो.

नकाशा ध्रुवीय स्टिरिओग्राफिक प्रक्षेपणातच (ध्रुव मध्यभागी ठेवणाऱ्या पद्धतीतच) हवा. साध्या आयताकृती प्रक्षेपणात ८५° अक्षांशावर पूर्व-पश्चिम अंतर साडेअकरा पट ताणलं जातं. ८७° च्या पुढे मोलाच्या (मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानावरच्या लेझर उंचीमापकाच्या) उंचीवर भिस्त ठेवू नका. यानाची कक्षा तिथवर जात नव्हती, त्यामुळे मापं फार विरळ आहेत.

थरांची सुमारे ३० मीटरची आवर्तनं ५१,००० वर्षांच्या परांचन चक्राशी (मंगळाचा अक्ष आणि कक्षा हळूहळू फिरण्याच्या चक्राशी) जोडण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण उताराच्या त्या एका अंशानं ३० चे २५ मीटर होतात, हे आधी तपासा.