वयस्कांचे पडणे: एक्स-रेवर थांबू नका, या चुका टाळा

खानापूर तालुक्यातील आमच्या गावी माझी आत्या एका पावसाळी पहाटे परसदारी जाताना न्हाणीपाशी पडली. एक्स-रेत हाड शाबूत निघाले, तेव्हा मलमाची ट्यूब घेऊन आम्ही निश्चिंत मनाने घरी परतलो. ती का पडली, हे दवाखान्यात कोणी विचारले नाही आणि आम्हालाही ते सुचले नाही. तीन आठवड्यांनी ती त्याच वेळी, अंथरुणातून उठताच पुन्हा पडली आणि या वेळी तिचा खुबा मोडला. त्यानंतर तिची औषधांची पिशवी पहिल्यांदाच पलंगावर रिकामी केली. बेळगावच्या आणि मिरजेच्या डॉक्टरांनी दिलेल्या दोन गोळ्यांची नावे वेगळी होती, पण पट्टीमागच्या बारीक अक्षरांत दोन्हींवर ॲम्लोडिपिन हेच औषध छापलेले होते. रक्तदाबाची गोळी ती कित्येक महिने दुप्पट घेत होती.

आपल्या सीमाभागात ही चूक सहज घडते. एक दुखणे बेळगावला दाखवले जाते, दुसरे कोल्हापूरला किंवा मिरजेला. कागद इंग्रजीत असतात, माहितीपत्रके कन्नडमध्ये, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाचता येते ते फक्त मराठी. म्हणून झोपेच्या, सर्दी-खाजेच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांसह सगळ्या पट्ट्या एकाच पिशवीत घालून एकाच डॉक्टरांसमोर ठेवाव्यात आणि यांतल्या कोणत्या गोळीने तोल जाऊ शकतो, हे स्पष्ट विचारावे. कोणतीही गोळी मनाने बंद मात्र करू नये. पट्टीवर पेनाने ‘सकाळी’, ‘रात्री’ असे मराठीत लिहून ठेवल्यास बराच गोंधळ टळतो.

रक्तदाब केवळ बसवून मोजणे ही दुसरी चूक. पाच मिनिटे आडवे झोपवून एकदा, उभे केल्यावर एका मिनिटाने आणि पुन्हा तीन मिनिटांनी, असा तो मोजायला हवा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर उठताना येणाऱ्या चकरेचे कारण तिथेच सापडण्याची शक्यता मोठी असते. प्राथमिक आरोग्य केंद्रातही हे करता येते. फक्त आपण आग्रह धरावा लागतो.

‘वय झाले, पडायचेच’ ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. पासष्टीपुढील साधारण तिघांपैकी एक जण दरवर्षी पडतो हे खरे. पण त्यामागची बरीच कारणे आधी ओळखता येतात. गेल्या वर्षभरात पडलात का, उभे राहताना किंवा चालताना तोल जातोसे वाटते का, पडण्याची भीती वाटते का, हे तीन प्रश्न विचारावेत. एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर तपासणी करून घ्यावी. विचारताना सुरात दटावणी नको, कारण शेताकडे किंवा देवळात जाणे बंद करतील या धास्तीने ही माणसे पडणे लपवतात; आत्यानेही आधीची दोन पडणी लपवली होती.

तपासणीला यंत्र लागत नाही. खुर्चीवरून उठून नेहमीच्या चालीने तीन मीटर जायचे, वळून परत येऊन बसायचे. 12 सेकंद किंवा अधिक लागले, तर धोका आहे असे समजावे. दुसरी चाचणी पायांच्या ताकदीची: हात छातीवर दुमडून 30 सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभे राहता येते, ते मोजायचे. 75 ते 79 वयाच्या स्त्रीला 10 पेक्षा, पुरुषाला 11 पेक्षा कमी वेळा जमले, तर पाय कमजोर झाले आहेत. दोन्ही वेळी शेजारी कोणीतरी उभे असावे.

घरात लक्ष द्यायचे ते न्हाणीतल्या ओल्या फरशीकडे, परसातल्या शेवाळाकडे, उंच उंबरठ्याकडे आणि रात्रीच्या उजेडाकडे. गुळगुळीत तळाची कोल्हापुरी चप्पल पावसाळ्यात नको. आजोबांची जुनी काठी आजीच्या हाती देणे हीसुद्धा चूकच आहे. सरळ उभे राहून हात सैल सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी, खाली रबर असावे, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी.

पडल्यानंतर हाड मोडलेले नसतानाही आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवल्याने पाय आणखी बारीक होतात आणि पुढचे पडणे जवळ येते. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी फिजिओथेरपिस्टकडून तोलाचे व ताकदीचे व्यायाम शिकून घ्यावेत. वृद्धांसाठीच्या सरकारी सेवांची चौकशी 14567 या मोफत हेल्पलाइनवर करता येते.

पडलेल्या माणसाला बखोटीला धरून घाईने उठवू नये. खुबा दुखत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर आहे तिथेच पांघरूण घालून 108 ला फोन करावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असून डोक्याला मार लागला असेल, तर दुखत नसले तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि जाताना गोळ्यांची पिशवी, पडण्याची वेळ आणि त्याआधी कोणती गोळी घेतली होती, हे सोबत न्यावे.