आर्केड कंट्रोलर (गेम पार्लरच्या मशीनसारखा स्टिक आणि बटणांचा डबा) घरी बनवायचाय आणि बजेट कमी आहे? मग ड्रिल हातात घेण्याआधी एवढी तयारी करा

सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि त्यावर दोनच गोष्टी लिहा, कुठले गेम खेळायचेत आणि कशावर खेळायचेत. पार्ट्सची यादी नंतर. बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात, कारण आधी बटणं मागवली जातात आणि मग विचार सुरू होतो. पॅक-मॅन (१९८०) ला फक्त चार दिशांची स्टिक लागते, गेममध्ये दुसरं बटणच नाही. डाँकी काँग (१९८१) ला स्टिक आणि उडी मारायचं एक बटण. स्ट्रीट फायटर २ (१९९१) आला की मात्र सहा बटणं पाहिजेत, तीन पंचची तीन किकची. म्हणजे ज्याला फक्त जुने मेझ (भूलभुलैया) आणि शूटिंगवाले गेम खेळायचेत त्याला स्टिक, तीन बटणं आणि स्टार्ट, कॉइन एवढं पुरतं, खर्च तिथेच कमी होतो. फायटिंग गेम खेळायचे असतील तर सहा घ्या, आणि नव्या गेमसाठी आठ.

आता कशावर खेळणार ते. कॉम्प्युटर किंवा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त कॉम्प्युटर) असेल तर कुठलाही साधा यूएसबी बोर्ड, म्हणजे बटणं दाबल्याचं कॉम्प्युटरला कळवणारं सर्किट, चालतो, काही टेन्शन नाही. पण पीएस४, पीएस५ किंवा एक्सबॉक्स असेल तर तो कन्सोल कंट्रोलर अधिकृत आहे का ते स्वतः तपासतो आणि स्वस्तातला बोर्ड सरळ नाकारतो. त्यावर चालणारे खास बोर्ड मिळतात पण ते महाग असतात, कमी बजेटमध्ये एकट्या बोर्डातच सगळे पैसे जातील. म्हणून पहिला कंट्रोलर कॉम्प्युटरसाठीच बनवा असं माझं स्पष्ट मत आहे.

पैशांची वाटणी कशी करायची याचा एकच नियम मी पाळतो, जिथे हात लागतो तिथे पैसे घालायचे आणि बाकी सगळं जुनंपुरानं, उसनं किंवा पडून असलेलं वापरायचं. बटणं आणि स्टिक याला हात लागतो. डबा, वायर, स्क्रू, रंग याला लागत नाही.

काहीही विकत घेण्याआधी पुठ्ठ्याचं मॉडेल करा. हे काम लोक टाळतात आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण हे फुकट आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं आहे. जाड खोक्याचा पुठ्ठा घ्या, त्यावर हात सैल ठेवा, बोटं जिथे आपोआप पडतात तिथे पेनानं खुणा करा. मग तयार लेआउट इंटरनेटवरून घेऊन प्रिंट काढा आणि आपल्या खुणांशी जुळवून बघा. टायटो या जपानी कंपनीच्या व्ह्यूलिक्स आर्केड मशीनचा लेआउट बहुतेकांच्या हाताला बसतो, बटणांच्या दोन रांगा हलक्या वळणात असतात. प्रिंट काढताना स्केल १०० टक्केच ठेवा, पानात बसवण्याचा ऑप्शन चालू राहिला तर सगळं थोडंसं लहान होतं आणि डोळ्यांना ते कळत नाही. पट्टीनं मोजून बघा, शेजारच्या दोन ३० मिमी बटणांच्या केंद्रांमधलं अंतर ३६ मिमीच्या आसपास असायला पाहिजे. याहून फार कमी ठेवलं तर बटणांच्या कडा एकमेकांना घासतात. पुठ्ठ्यावर बाटलीची झाकणं चिकटवून मांडीवर घेऊन बसा, मनगट अवघडतंय का, स्टिकवरचा हात आणि बटणांवरचा हात फार जवळ येतायत का ते बघा, आणि हे घाईत नको, एखादा पूर्ण सिनेमा बघताना मांडीवर राहू द्या म्हणजे खरं कळेल.

मग निर्णय स्टिकचा. चांगली स्टिक ही या सगळ्यात महाग वस्तू. स्वस्त स्टिकमध्ये दांडा मधे परत यायला ढिला असतो, कर्ण दिशा नीट लागत नाहीत आणि काही दिवसांनी स्प्रिंग कुरकुरायला लागते. बजेट अगदीच कमी असेल तर स्टिकच काढून टाका आणि चारही दिशांना बटणं लावा, याला लिव्हरलेस म्हणतात आणि भारी खेळणारे लोकसुद्धा हेच वापरतात त्यामुळे यात कमीपणा काही नाही. हाताला सवय व्हायला वेळ लागतो, हे खरं. यात डावं आणि उजवं एकदम दाबलं जाऊ शकतं, त्या वेळी बोर्डानं काय समजायचं याची सेटिंग असते, साधारणपणे दोन्ही दाबलं की कुठलीच दिशा नाही असं ठेवतात, आणि स्पर्धेत खेळणार असाल तर तिथला नियम आधी वाचून घ्या. स्टिकच पाहिजे असेल तर खालच्या प्लेटकडे लक्ष द्या, म्हणजे गेट. चौकोनी गेटमध्ये कोपरे सापडतात, अष्टकोनीमध्ये आठही दिशांना हलका खाचा लागतो, आणि काही स्टिकमध्ये प्लेट फिरवून फक्त चार दिशा ठेवता येतात. पॅक-मॅनवाल्यांनी हे तपासूनच स्टिक घ्यावी, नाहीतर वळणावर भलतीच दिशा लागते आणि भूत पकडतं.

बटणांबद्दल जरा सविस्तर. मुख्य बटणं ३० मिमी, स्टार्ट-सिलेक्टची २४ मिमी, हे जपानी पद्धतीचं माप. अमेरिकन पद्धतीच्या बटणांना साधारण २८ मिमीचं भोक लागतं, खाली वेगळा मायक्रोस्विच (छोटा क्लिक होणारा स्विच) असतो आणि दाबलं की टकटक आवाज येतो. दोन्ही मिसळून मागवू नका, भोकाचं माप बदलतं आणि वायरच्या टोकाला लागणारी क्लिपही बदलते, जपानी बटणांना बहुतेक २.८ मिमीची लागते आणि अमेरिकनला ४.८ मिमीची. मायक्रोस्विचवाल्या बटणाला तीन पाय असतात, त्यातले कॉमन आणि एनओ (बटण दाबल्यावर जोडला जाणारा) हे दोन वापरायचे, एनसी (न दाबताच जोडलेला असणारा) रिकामा सोडायचा, चुकून एनसीला वायर लागली तर बटण न दाबताच दाबलेलं दिसतं. आणखी एक, नुसतं दाबून बसणारं स्नॅप-इन बटण पातळ पॅनेलसाठी असतं, जाड लाकडात त्याच्या क्लिपा पकडच घेत नाहीत. जाड प्लाय किंवा एमडीएफ वापरणार असाल तर नटवालं स्क्रू-इन बटण घ्या. पूर्ण सेट ब्रँडेड घेणं जमत नसेल तर सगळ्यात जास्त वापरली जाणारी चार चांगली घ्या आणि बाकीची स्वस्तातली, माप एकच असलं की पुढे एकेक बदलता येतात.

याहून स्वस्त पाहिजे असेल तर मेकॅनिकल कीबोर्डचे स्विच. त्याला १४ मिमीचं चौकोनी भोक लागतं, हातानं नीट कापायला त्रास आहे पण कानस आणि चिकाटी असेल तर होतं.

आता बोर्ड. झीरो डिले नावानं जो स्वस्त यूएसबी बोर्ड विकतात तो सगळ्यात सोपा, बहुतेक वेळा सोबत वायरी येतात, बटणाला क्लिप लावायची आणि दुसरं टोक बोर्डात खोचायचं, सोल्डरिंग नाही. नाव झीरो डिले असलं तरी थोडा उशीर त्यात असतोच, जुन्या प्लॅटफॉर्म गेममध्ये तो जाणवत नाही, फायटिंगमध्ये जाणवू शकतो. माझी पहिली पसंती मात्र रास्पबेरी पाय पिको, हा वर सांगितलेला कॉम्प्युटर नाही, त्याच कंपनीचा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आहे. हा बोर्ड २०२१ मध्ये आला, खूप स्वस्त आहे, त्यावर वापरायला २६ पिना मिळतात म्हणजे लिव्हरलेसचीही सगळी बटणं आरामात बसतात. त्यात जीपी२०४०-सीई नावाचं फुकट, ओपन सोर्स फर्मवेअर (बोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकायचं. बोर्डवरचं बूटसेल बटण दाबून धरून यूएसबी जोडली की कॉम्प्युटरला तो पेन ड्राइव्हसारखा दिसतो, त्यात यूएफ२ फाइल कॉपी करायची, झालं. कोडची एक ओळ लिहावी लागत नाही आणि कुठली पिन म्हणजे कुठलं बटण हे नंतर ब्राउझरमधून बदलता येतं. प्रत्येक बटण एक पिन आणि ग्राउंड (बोर्डवरची जीएनडी लिहिलेली पिन) यांच्यामध्ये जोडायचं, वेगळा रेझिस्टर लागत नाही. फक्त एवढं सांभाळा की पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, यूएसबीचे ५ व्होल्ट त्यांना लागले तर बोर्ड जाऊ शकतो. सोल्डरिंग येत नसेल तर पिना आधीच लावलेला पिको मिळतो, तो शोधा.

आर्डुइनो (असाच एक प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) घरात पडला असेल तर तो कुठला आहे ते बघा. लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो असेल तर चालेल, त्यातली चिप स्वतःच यूएसबी बोलते. ऊनो असेल तर या कामाला त्याच्या मागे लागू नका. जुना गेमपॅड फोडून त्याचा बोर्ड वापरणं हा फुकटातला रस्ता, पण आधी मल्टीमीटर लावून सगळ्या बटणांचं ग्राउंड एकच आहे का ते तपासा, आणि ॲनालॉग ट्रिगरच्या (किती दाबलं ते मोजणाऱ्या बटणांच्या) नादी लागू नका. जुना कीबोर्ड फोडायचा सल्लाही बरेच जण देतात, मी देणार नाही, कारण त्यात बटणं जाळीत जोडलेली असतात आणि काही तीन-चार बटणं एकदम दाबली की एखादं गायब होतं किंवा न दाबलेलंच लागतं, आर्केड गेममध्ये तर आपण सतत तेच करत असतो.

वायर बारीक तारांची, मऊ घ्या. जुन्या लॅन केबलमधली बऱ्याचदा एकसंध कडक तार असते, ती दोन-चार वेळा वाकवली की आतून तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. दोन रंग पुरतात, ग्राउंडला काळा आणि सिग्नलला दुसरा कुठलाही. ग्राउंडची प्रत्येक बटणाला वेगळी वायर नको, एका बटणावरून दुसऱ्या बटणावर अशी माळ करत न्या आणि शेवटचं टोकसुद्धा बोर्डाच्या ग्राउंडला परत जोडा म्हणजे मधे एक जॉइंट सुटला तरी पुढची सगळी बटणं बंद पडत नाहीत. यूएसबी केबल डेटावाली आहे ना ते जोडून बघा, फक्त चार्जिंगची असेल तर कॉम्प्युटरला काहीच दिसणार नाही आणि तुम्ही उगाच बोर्डावर संशय घेत बसाल.

डब्यासाठी जुना ड्रॉवर, लाकडी खोकं, प्लास्टिकचा घट्ट डबा, काहीही चालतं, पण खोली मोजा. स्टिकचा खालचा भाग बराच खोल जातो, स्टिक हातात आल्याशिवाय डबा पक्का करू नका आणि वायरींसाठी त्याहून एखादा सेंटीमीटर जास्त ठेवा. वरचा पत्रा किंवा लाकूड दाबल्यावर लवचिकपणे खाली जात असेल तर मधे आधाराची पट्टी लावा. हलका डबा खेळताना सरकतो, म्हणून तळाला जुन्या माउसपॅडचा तुकडा चिकटवा.

हत्यारांत विकत घ्यावीच लागतील अशी दोनच, ३० आणि २४ मिमीची होल सॉ किंवा फोर्स्टनर बिट, म्हणजे ड्रिलला लावून मोठं गोल भोक पाडायची पाती. स्टिकच्या दांड्याचं भोकही बहुतेक वेळा २४ मध्ये भागतं म्हणून तिसरं लागत नाही. ड्रिल मशीन ओळखीत कुणाकडे तरी असतंच, मागून आणा. आधी टाकाऊ लाकडात एक भोक पाडून त्यात बटण बसवून बघा, मग खऱ्या पॅनेलकडे वळा. केंद्रावर खिळ्यानं खूण, मग बारीक बिटनं आरपार, मग मोठी बिट, आणि अर्ध्यावर आल्यावर पॅनेल उलटं करून मागून पूर्ण करायचं म्हणजे कडा फुटत नाहीत. पॅनेल क्लॅम्पनं घट्ट धरलेलं असलंच पाहिजे, मोठी बिट अडकली की लाकूड हातातून फिरतं आणि मनगट मोडू शकतं. एमडीएफची धूळ फार बारीक असते, मास्क आणि गॉगल लावल्याशिवाय सुरूच करू नका, इथे काटकसर नको. ॲक्रिलिकला स्टेप ड्रिल आणि अगदी हळू स्पीड, घाई केली की तडा.

रंगाचं फार मनावर घेऊ नका. पॉलिश पेपरनं कडा गोल करा कारण मनगट तिथेच टेकतं, वर प्रिंट काढलेलं चित्र आणि पारदर्शक चिकट शीट पुरे.

मल्टीमीटर बीप मोडवर ठेवून प्रत्येक बटण डबा बंद करण्याआधी तपासायचं, मग यूएसबी जोडून विंडोजमध्ये जॉय डॉट सीपीएल (joy.cpl, गेम कंट्रोलर तपासायची विंडो) उघडायचं किंवा ब्राउझरमधलं कुठलंही गेमपॅड टेस्टर, आणि सगळी बटणं एकेक करून, मग तीन-चार एकदम दाबून बघायची. केबल बाहेर येते तिथे आतून झिप टाय घट्ट लावा, ओढ बसली तर ती बोर्डाच्या सॉकेटवर येता कामा नये. कुठली पिन कुठल्या बटणाला गेली याचा कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, आणि तळ गोंदानं चिकटवू नका, स्क्रूच लावा, कारण जास्त वापरातलं एखादं बटण पुढेमागे बदलावं लागणारच आहे.